उन्हात ठेवलेलं पिवळं पाणी

४ फेब्रुवारी १९९६, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या शोधांच्या तारखा मागाहून सापडत नाहीत.
रोह्याच्या कंपनीत अकरा वर्षं लॅब असिस्टंट आहे. म्हणजे बाटल्या धुतो. कंपनी अँटिबायोटिक बनवते, त्याचं पिवळं सांडपाणी निघतं. लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकात वाचलं: टिटॅनियमची पांढरी पावडर पाण्यात टाकून ऊन दाखवायचं. ऊन लागलं की पावडर औषधाचा फडशा पाडते. मार्चमध्ये सांडपाण्यासाठी ऑफिसरची जागा भरणार आहेत. माझीच समजा. लॅबमधला नितेश एम.एस्सी. आहे, पण मासिकं कुठे वाचतो?

७ फेब्रुवारी.
चार तारखेनंतर आजच वेळ मिळाला. साहेब म्हणाले, महिनाभरात करून दाखवा. नितेश म्हणाला, पावडर तळाशी बसते, सतत ढवळावी लागेल. जळतो.
प्रयोग पेणला. सासरे महिपतीमामांचं मिठागर आहे, सावली औषधालाही नाही. नम्रता म्हणाली, बाबांना नीट समजावून सांगा. म्हटलं, पाणी उन्हात ठेवणं त्यांना मी काय शिकवणार?

११ फेब्रुवारी, रविवार.
दोन कॅन एसटीने नेले. कंडक्टरने विचारलं, आत काय? म्हटलं, भविष्य. त्याने लगेजचं तिकीट फाडलं.
बांधावर चार ट्रे मांडले, पाणी ओतलं, पावडर टाकली. मामांनी विचारलं, आता काय करायचं? तीनची गाडी गाठायची होती. म्हटलं, आगराची राखता तशीच निगा राखा. मामा खूश. म्हणाले, "मंग कालजी नको, जावायबापू."

१८ फेब्रुवारी, रविवार.
पिवळेपणा निम्मा!! पावडर दिसतच नाही, पाण्यात एकजीव झाली असणार. नितेश तोंडावर पडला. शिवाय एवढ्या उन्हात पाणी बोटभरही आटलेलं नाही. हा दुसरा शोध. त्याला वेगळी वही.

२० फेब्रुवारी.
थेंब जंतूंच्या प्लेटवर ठेवला होता. औषध असेल तिथे जंतू वाढत नाहीत, गोल डाग पडतो. डाग निम्म्यावर आला. आलेख काढला. नितेशला दाखवला. तो म्हणाला, ढवळतं कोण? आलेख गुंडाळून परत घेतला.

२५ फेब्रुवारी, रविवार.
पेणला जाऊन ढवळायचं ठरवलं होतं. टीव्हीवर मॅच. ऊन काय, माझ्याशिवायही पडतंच. वेगळी वही अजून आणली नाही.

३ मार्च, रविवार.
पाणी काचेसारखं! नमुना आणला.

५ मार्च.
प्लेटवर डाग नाही. शून्य! साहेब रविवारी स्वतः बघायला येणार. नम्रताला सांगितलं, क्वार्टर मिळेल, पडद्यांचा रंग ठरव. ती म्हणाली, आधी बाबांना विचारा ते नेमकं काय करतात. अविश्वासू बाई.

९ मार्च.
बसवत नाही, उठवत नाही. बूट तीनदा पॉलिश. भाषण पाठ. सुरुवात विसरतोय.

१० मार्च, रविवार. दुपारी ४.
साहेब जीपने आले, नितेशही. पाणी बघून साहेब खूश. विचारलं, पावडर कुठाय?
मी तोंड उघडायच्या आत मामांनी बांधावरची पुरचुंडी पुढे केली. म्हणाले, "ती पयल्याच दिशी वढून काढली. तलाला पांढरा जमला का वढायचाच." आणि पाणी? "रोज सकाली जुना थोरा सोडायचा, नवा भरायचा. आगराची रीतच हाय. पन जावायाचा काम, म्हनून खारा नाय घातला, विहिरीचा गोरा पानी घातला."
साहेब हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "नवं पाणी घालून जुनं पाणी स्वच्छ दाखवणं कंपनीला आधीपासून येतं. त्याला ऑफिसर लागत नाही, नळ लागतो."
मामा मला बाजूला घेऊन विचारत होते, कायी चुकला का? महिनाभर रोज विहिरीवरून घागरी वाहिल्या होत्या त्यांनी. म्हटलं, नाही मामा, तुमचं काही चुकलं नाही. मला फार लाज वाटली.

११ मार्च.
जागा नितेशला. पुरचुंडी मागायला आला, ढवळणारी मोटर लावून करून बघणार आहे. दिली.
ढवळायला विसरू नकोस, असं त्याला बजावलं.
बाटल्या: एकशे वीस.