गणपूर्तीला एक कमी

डार्मश्टाट,
मंगळवार, १६ मे १९६१

प्रिय आत्माराम,

सप्रेम नमस्कार. कुसुमवहिनींनाही नमस्कार सांग आणि बाळाचे माझ्या वतीने दोन पापे घे. तुझं पत्र काल पोचलं. मुलगा झाला, सव्वासात पौंडांचा, नाक तुझं आणि रंग वहिनींचा, हे वाचून इतका आनंद झाला की घरमालकीणबाईंना जिन्यातच गाठून सांगितलं. त्यांनी मला केकचा तुकडा दिला आणि बूट न पुसता वर आल्याबद्दल बोलणीही दिली, दोन्ही एका दमात. तू राहायचास ती माळ्यावरची खोली आता एका इराणी मुलाकडे आहे. खिडकी अजून तशीच करकरते.

इकडे उन्हाळा आला म्हणायचा, पण स्वेटर सुटलेला नाही. माझा प्रबंध एकदाचा झाला. झाला म्हणजे गेल्या नोव्हेंबरातच झाला. तुला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, कळवलं नाही.

बाळाला गुटी सुरू केली का? जायफळ बेतानंच उगाळा, नाहीतर पोर दिवसभर झोपतं आणि तुम्हाला वाटतं गुणी आहे. आमच्या आईचं हे ठरलेलं वाक्य आहे.

बारसं अठ्ठावीसला. हवाई टपालाला आठ दिवस लागतात, कधी दहा. म्हणजे हे पत्र आजच पेटीत पडायला हवं. कालपासून तीन कागद फाडून झाले आहेत.

तू लिहिलं आहेस, 'कुसुम म्हणाली, ज्यानं तुमच्यासाठी एवढी धडपड केली त्याचंच नाव ठेवू. वसुधाआत्या बाळाच्या कानात सुधीर म्हणणार.' आत्माराम, ते होऊ देऊ नकोस. का ते सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल. सरळ सांगायची सवय राहिलेली नाही.

इथलं आपलं मराठी मंडळ आठव. तीस-बत्तीस डोकी आणि घटना मात्र एखाद्या देशाला पुरेल एवढी. अध्यक्ष सगळ्या सभासदांनी निवडायचा, कार्यकारिणी वेगळी निवडायची, आणि एकानं दुसऱ्यावर अंकुश ठेवायचा. लिहिली मीच, चिटणीस होतो ना. अध्यक्ष झाला विनय, आणि कार्यकारिणीत नवांपैकी सहा आम्ही, त्याच्या विरोधातले. मग काय, विळ्याभोपळ्याचं सख्य. संयुक्त महाराष्ट्राला पाठिंब्याची तार दिल्लीला पाठवायचा ठराव आम्ही केला. विनयनं तो परत पाठवला. म्हणाला, फेराइन, म्हणजे संस्था, म्हणून नोंदणी करताना राजकारण करणार नाही असं लिहून दिलंय, नोंदणी जाईल. आम्ही पुन्हा केला, त्यानं पुन्हा परत पाठवला. तेव्हा मी शपथ घालून घेतली: तार जाईपर्यंत विनयनं बोलावलेल्या एकाही सभेत बसायचं नाही. गणपूर्तीला अध्यक्ष सोडून पाच सभासद लागायचे आणि त्याच्या बाजूचे तीनच. मंडळ ठप्प झालं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा वाटला गेला नाही, आणि आम्हाला त्याचंच हसू यायचं.

सत्तावन्नच्या त्या फेब्रुवारीत तुझ्या छातीचा फोटो आला. क्षय.

तू तापात होतास, म्हणून तुला सगळं ठाऊक नाही. टाउनुसच्या डोंगरातल्या एका सॅनटोरियमनं तुझ्यासाठी एक खाट शुक्रवारपर्यंत धरून ठेवली होती. तिथे बरा होऊन इथेच प्रबंध पुरा करता आला असता. पण तुझं इथे नात्याचं कुणी नाही, तेव्हा एखाद्या नोंदलेल्या संस्थेनं तुझी जबाबदारी घेतल्याचं पत्र हवं होतं. त्यावर अध्यक्षाची सही आणि सोबत कार्यकारिणीच्या ठरावाचं इतिवृत्त, यांचा प्रोटोकोल. गेनाऊ, अगदी नेमके दोन कागद, एकही कमी चालणार नाही. विनयनं बुधवारी सभा बोलावली. विषय एकच होता, तू.

आमच्यातला श्रीरंग गेला. म्हणाला, 'शपथ गेली खड्ड्यात, तो रक्त थुंकतोय तिकडे.' विनयचे तीन आणि हा चौथा. मीही निघालो होतो, आत्माराम. एवढं खरं मान. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. दार अर्धं उघडं होतं आणि आत विनय म्हणत होता, 'चार झाले. सुधीर येईल, त्याच्यावर माझी भिस्त आहे. दहा मिनिटं थांबू.' तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मी येणारच असं यानं धरून चालावं? शपथ माझी, आणि मीच ती मोडून याच्यापुढे जाऊन बसू? मनाशी म्हटलं, हा कसला थांबतोय, नियम गुंडाळून पाठवेल कागद. तेव्हा मग, आल्झो, मी उतरलो. खालच्या पायरीशी उभा राहिलो. दहा मिनिटांनी वर खुर्च्या सरकल्या, तेव्हा मागच्या दारानं बाहेर पडलो.

विनयनं खरोखरच नियम गुंडाळला. एकट्याच्या सहीनं पत्र पाठवलं. ते सोमवारी परत आलं, वर चिठ्ठी: प्रोटोकोल जोडलेला नाही. मंडळाचं टपाल चिटणीस उघडतो, म्हणजे मी. तोवर खाट दुसऱ्या कुणाला गेली होती.

तू मायदेशी निघालास तेव्हा स्टेशनात, बानहोफवर, तुझी ट्रंक मी उचलली. जिनोव्हा बंदराच्या गाडीत तू शाल गुंडाळून बसला होतास, बोटीवरच्या डॉक्टरापुढे खोकला कसा दाबायचा त्याची तालीम करत. तू विचारलंस, 'सुध्या, अडलं कुठे रे?' मी म्हणालो, 'विनयनं सही केली नाही.' ती सही त्या वेळी माझ्या कोटाच्या खिशात होती.

पुढचं तू भोगलंस. मिरजेला तुझ्या बरगड्या काढल्या. तुझं रंगांच्या रसायनावरचं काम इथल्या कपाटात पडून आहे आणि तू आठवीच्या मुलांना प्राणवायू तयार करून दाखवतोस. तू कधी कुरकुर केली नाहीस, म्हणून मला वाटायचं, सावरलाय तो, कशाला आता खपली काढायची. भ्याड माणसाला कारणं फार चांगली सुचतात. महाराष्ट्र तर गेल्या वर्षी झालाच, आमच्या तारेवाचून.

विनय आता बाड हॉम्बुर्गला असतो. गेल्या महिन्यात फ्रँकफुर्टच्या फलाटावर भेटला. आत्मारामला यानं घालवला, असं म्हणत आपल्या लोकांनी चार वर्षं त्याच्याकडे जाणं-येणं टाकलं आहे. मी काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाला, 'सोड रे. सभा भरवणं माझं काम होतं, मला ते जमलं नाही.' मग विचारलं, 'तो बरा आहे ना?' मी हो म्हटलं आणि समोर आली त्या गाडीत चढलो. ती माझी नव्हती. लाज वाटली रे, फार लाज वाटली.

सोबत दोन कागद आहेत. एक विनयच्या सहीचं पत्र, परत आलेल्या चिठ्ठीसकट. दुसरा मी आज लिहिला, तो चार वर्षांपूर्वीच लिहायला हवा होता. विनयचा पत्ता मागे लिहिला आहे. त्याला तुझ्याकडून एक ओळही गेलेली नाही, ती माझ्यामुळे.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. बाळाला नाव तुम्ही काहीही ठेवा, माझं सोडून. आशीर्वाद पाठवतो आहे. ते बाळापर्यंत पोचवायचे की नाही ते तू ठरव. उत्तर आलं नाही, तर का म्हणून विचारणार नाही.

सुधीर

(सोबतचा दुसरा कागद)

इतिवृत्त
कार्यकारिणीची सभा, बुधवार, १३ फेब्रुवारी १९५७, सायंकाळी सहा.
विषय: सभासद आत्माराम यांची जबाबदारी मंडळानं घेण्याबाबत.
हजर: अध्यक्ष आणि चार सभासद.
आवश्यक: पाच सभासद.
गणपूर्तीअभावी सभा झाली नाही.
गैरहजर: चार.
जिन्यात: एक.

सुधीर,
चिटणीस