स्मार्ट, कॅज्युअल आणि बिनआवाजाचा पंखा

३ मार्च, सोमवार
मेल आली. चौदा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, आमच्या नव्या बिनआवाजाच्या पंख्याचं लाँच. हॉटेलचा हॉल, डीलर मंडळी, स्टाफ सहकुटुंब. ड्रेस : स्मार्ट कॅज्युअल.

मेल सगळ्यांना गेलीय, पण रोख माझ्याकडे आहे हे उघड आहे. पंखा बनवला डिझाइनच्या मॅडमनी. दोन वर्षं लागली बिचारीला. पण पास कुणी केला? मी. फोमच्या भिंतींच्या बंद खोलीत एकटा बसून मी पंखे ऐकतो. डोळे मिटून. बारा वर्षं. कंपनीतले निम्मे लोक मला अजून एसी दुरुस्तीवाला समजतात. चौदाला समजेल.

शिवाय क्वालिटी हेडची खुर्ची रिकामी आहे. साहेब जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, तुम्ही पण या. 'पण'वर जोर होता.

४ मार्च
स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नक्की काय, ते मला माहीतच आहे. तरी हिला सहज विचारलं. ही म्हणाली, लग्नाला घालत नाही आणि भाजी आणायलाही घालत नाही ते.

कपाट उघडलं. माझ्याकडे नेमके हे दोनच प्रकार आहेत.

६ मार्च, सकाळी
जुना ब्लेझर काढला. बटण लावलं. श्वास सोडला. बटण फ्रिजखाली गेलं. कपाटात नुसतं ठेवल्यानेही कापड आकसतं, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं.

संकल्प : आजपासून साखर बंद. चौदापर्यंत पोट सपाट.

६ मार्च, संध्याकाळी
अकाउंट्समध्ये वाढदिवसाचा केक. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दुसरा तुकडाही त्याच कारणासाठी.

८ मार्च, शनिवार
खरेदी! कॉर्डरॉयची पँट. गडद हिरवी, मखमलीसारखी, बारीक उभ्या रेघांची. दुकानदार पहिल्याच नजरेत म्हणाला, साहेब, तुमची पर्सनॅलिटी उभ्या रेघांची आहे. उभ्या रेघांत माणूस सडपातळ दिसतो म्हणे. दुकानात गाणी इतकी मोठ्याने लावली होती की पुढचं ऐकू आलं नाही, पण आरशात दिसत होतं. अर्धा माणूस गायब! उरलेला अर्धा देखणा!

मांडीत किंचित घट्ट आहे. त्यालाच स्लिम फिट म्हणतात.

घरी येऊन लेकीला दाखवली. ती म्हणाली, बाबा, हे सोफ्याचं कापड आहे. कॉलेजात जाणाऱ्या पोरांना फॅशनमधलं फारसं कळत नाही.

११ मार्च
वर क्रीम रंगाचा लिननचा शर्ट ठरला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू कामातून थेट आलोय. सहज दिसायला हव्यात, म्हणून तासभर सराव केला. हिने इस्त्रीबद्दल विचारलं. लिनन चुरगळलेलंच शोभतं, असं समजावलं. ही म्हणाली, मग इतकी वर्षं मी तुमचे कपडे फुकटच इस्त्री करतेय.

ऑफिसात चाचणीच्या खोलीत उभं राहण्याची ढब बसवत होतो : एक हात खिशात, मान थोडी तिरकी. काचेतून डिझाइनच्या मॅडमनी पाहिलं. आत येऊन विचारलं, सर, पाठ दुखतेय का? मी म्हटलं, थोडी.

१३ मार्च
भाषण तयार. सुरुवात : 'हे श्रेय माझ्या एकट्याचं नाही.' इथे थांबायचं. लोकांनी 'नाही नाही, तुमचंच' म्हणेपर्यंत थांबायचं.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी
हाफ डे घेतला. पँट चढवली. शिट्टी वाजवत आरशासमोर उभा आहे. आमच्या घरचा पंखा आपल्याच कंपनीचा, जुना. त्याच्या घरघरीत स्वतःची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणूनच तर नव्या पंख्याची गरज आहे!

ही म्हणतेय, अहो, ती राखाडी पँट इस्त्री करून ठेवलीय, तीच घाला. मी नुसता हसलो. क्वालिटी हेड राखाडी पँट घालत नसतो.

१५ मार्च, शनिवार
काल लिहवलं नाही. आज लिहितो.

हॉल भरलेला. बसल्यावर पँट फार ताणते, म्हणून मी मागे दाराशी उभा होतो. ही आणि लेक तिसऱ्या रांगेत. स्टेजवर उंच स्टँडला पंखा. साहेबांनी एसी बंद करायला लावला, गाणी बंद, सगळ्यांना सांगितलं, आता श्वास रोखून ऐका. मॅडमनी बटण दाबलं. पंखा फिरला. टाचणी पडली असती तर दचकलो असतो, इतकी शांतता.

साहेबांनी हॉलभर नजर फिरवली. माझ्यापाशी थांबली. म्हटलं, बोलावतायत! निघालो.

झुप. झुप. झुप.

मी थबकलो. कान टवकारले. आवाज बंद. पुन्हा निघालो. झुप. झुप.

बारा वर्षांचे कान आहेत हे. पंखाच! मधूनच येणारा आवाज म्हणजे बेअरिंग. मॅडमची दया आली, पण कर्तव्य ते कर्तव्य. हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, थांबा, पंख्यातून आवाज येतोय.

हॉलमध्ये खळबळ. पुढच्या रांगेतले एक म्हातारे डीलर म्हणाले, हो, मलाही आला. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी तडक स्टेजवर चढलो. पंख्याभोवती एक फेरी मारली. झुपझुपझुपझुप. निदान जाहीर केलं : आवाज चारी बाजूंनी येतोय.

मॅडमनी पंखा बंद केला. त्यांना धीर द्यावा म्हणून दोन पावलं पुढे झालो. झुप. झुप. मी म्हटलं, बंद असतानाही येतोय, म्हणजे प्रकरण मोटरपर्यंत गेलंय.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ही उभी राहिली. चार माणसांत कधी तोंड उघडत नाही. म्हणाली,

"अहो, पँट."

बस. एवढंच.

मला अजून कळलं नव्हतं. मी खात्री करायला एक पाऊल टाकलं. मांडीवर मांडी घासली. झुप.

मग हॉल जो हसत सुटला! म्हातारे डीलर खुर्चीचा हात आपटत होते. साहेब खांबाला धरून. मॅडम तर स्टेजच्या पायरीवरच बसल्या, हसतायत की रडतायत कळेना. दोन्ही असावं. दोन वर्षांचं काम माझ्या दोन मांड्यांमध्ये अडकलं होतं. त्यांना सॉरी म्हटलं. मनापासून म्हटलं. त्या म्हणाल्या, सर, प्लीज, फक्त हलू नका.

पण परत तर जायचंच होतं. भाषण खिशातच राहिलं. सगळा हॉल चिडीचूप झाला. कशासाठी? तर ऐकायला. पाय फाकवून चाललो. त्याने दिसायला वाईट झालं आणि आवाज थोडा बारीक झाला, एवढंच.

घरी येताना हिचे खांदे सारखे हलत होते.

१७ मार्च, सोमवार
वा! वा! वा! ऑर्डरींचा पाऊस! डीलर म्हणतायत, पँटचा आवाज ऐकू येतो इतका शांत पंखा पाहिला नव्हता. मॅडम क्वालिटी हेड झाल्या. होऊ देत, गुणी आहेत. माझं नशीब वेगळ्याच दारी उभं आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, यावर जाहिरात करतोय : शांत हॉल, पंखा, आणि एक माणूस चालत येतो.

मी म्हटलं, मी तयार आहे. साहेब काहीतरी बोलणार होते, पण फोन आला.

संकल्प : साखर कायमची बंद. उद्या केस कापणे. कॅमेऱ्याला डावी बाजू.

१९ मार्च
साहेबांना फक्त पँट हवी होती. हिने धुऊन दिली.

चालणारा माणूस बाहेरून आणला. मॉडेल. पँट त्याला कमरेत इतकी सैल झाली की मागून कपड्यांचे चिमटे लावले.

२० मार्च, संध्याकाळी
शूटिंग अडलं होतं. मॉडेल चालतो छान, पण आवाजच येत नाही. मांड्या घासतच नाहीत त्याच्या. चहाबरोबर दोन बिस्किटं खात होतो, तेवढ्यात जाहिरातवाल्यांचा फोन आला : सर, तुमच्याशिवाय होणार नाही!

उद्या पँट घालून माइकसमोर चालायचंय.

वर कोणता शर्ट घालू, असं विचारलं. ते म्हणाले, काहीही घाला सर, दिसणार नाही.