सर्व्हर आता दिसत राहील

प्रिय बाबा,

सर्व्हर दिसतोय ना? दिसणारच. गेल्या आठवड्यात मी येऊन गेल्यापासून तुमचा फोन नाही. म्हणजे दुकानातले तिन्ही म्हातारे मॅक कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या चौथ्याशी, म्हणजे सर्व्हरशी, गुण्यागोविंदाने बोलताहेत आणि गिऱ्हाइकांची व्हिजिटिंग कार्डं वेळेवर छापून निघताहेत. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुमचा आवाज कापरा होतो आणि मी विरघळते. या वेळी मला विरघळायचं नाही.

पहिला बिघाड खरा होता, हे मान्य. आई आणि मी वेगळं राहायला लागल्यावर तुमचा पहिला फोन त्यासाठीच आला होता. सर्व्हरचं मशीन काम नसलं की झोपी जायचं आणि दुकानातल्या बाकी मशीनवरून त्याचं नावच गायब व्हायचं. तुम्ही मात्र सगळ्या केबली बदलून, केबली जोडायचा नवा स्विच आणून, दुरुस्तीवाल्याशी कडाक्याचं भांडून मोकळे झाला होतात. मी सेटिंगमध्ये जाऊन त्याची झोप तेवढी बंद केली. तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत होतात, हे कशाने होतं, ते कशाने होतं, विचारत होतात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं काही ऐकून घेत होतात, म्हणून मीही चेकाळले आणि सगळं शिकवत बसले. फाइल शेअरिंग कुठून बंद होतं, दोन मशीनना चुकून नेटवर्कवरचा एकच पत्ता दिला तर काय गोंधळ होतो, सगळं.

पुढच्या खेपेला फाइल शेअरिंग बंद सापडलं. ते चालू करताना मी सांगितलं की मशीनचं घड्याळ मागे पडलं तर सर्व्हर आत घेत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला एका मशीनवरची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. आतली बॅटरी संपली असेल, असं तुम्हीच सुचवलंत. बॅटरी ठणठणीत होती. मग एकदा दोन मशीनना एकच पत्ता निघाला, तोही हाताने टाइप केलेला. मी जे शिकवून जायचे तेच नेमकं पुढच्या वेळी बिघडलेलं असायचं. आणि तुम्ही चहाचा कप पुढे करत म्हणायचात, मला यातलं ओ की ठो कळत नाही गं.

मला केव्हाच कळलं होतं, बाबा. मी बोलले नाही, कारण मला ते आवडलं होतं. माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला न फिरकलेला माणूस मी दुकानात यावं म्हणून चोरून सेटिंग बदलत बसतो, या विचाराने मला परतीच्या वाटेवर हसू यायचं. आईला मी हे रंगवून सांगायचे. ती म्हणायची, जा गं, एकटा पडलाय तो. तुमच्याकडे मला धाडायची ती तीच, हेही एकदा तुमच्या कानावर घालून ठेवते.

पण त्या दुपारी तुम्ही मी न शिकवलेलं काढलंत. केबलच्या प्लगमधली एक पत्ती टाचणीने वाकवून प्लग होता तसा बसवून ठेवलात. सर्व्हर मधेच दिसायचा, मधेच जायचा. मी आतल्या खोलीत सर्व्हरचं एकेक सेटिंग तपासत बसले, तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, मजेत होतात. तिथे फोनला रेंज येत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. अखेर केबल बदलली, जुन्या प्लगवर टाचणीचे ओरखडे दिसले, आणि सर्व्हर स्थिर झाला. मी हुश्श केलं आणि तुम्ही हिरमुसलात.

बाहेर आले तर आमच्या शेजारच्या काकूंचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. आई बाथरूममध्ये पडली होती. दुपारभर ती ओल्या फरशीवर होती, बाबा. नळ वाहतोय म्हणून काकूंनी दार ठोठावलं, नाहीतर मी घरी पोचेपर्यंत तशीच राहिली असती. खुबा मोडला. आता ती उठत नाही, आणि उठेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मी तिचं अंग पुसते, कूस बदलते. ती अजूनही विचारते, त्याचं मशीन सुरू झालं का? टाचणीचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते मी ठरवीन, आणि कधी सांगीन ते तुम्हाला कळणार नाही.

हॉस्पिटलमधून मी तुम्हाला सगळं कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत. आठवडाही उलटला नाही तोच तुमचा फोन आला, सर्व्हर दिसत नाही म्हणून. मी आले. फाइल शेअरिंग बंद होतं. निदान नवं काहीतरी शोधायचंत. तुम्ही चहा केलात, बिस्किटं काढलीत, पण आई कशी आहे हे विचारलं नाहीत. धीर झाला नसेल, असं दुसरं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

पत्र एवढ्यासाठीच की त्या दिवशी मी काय करून गेले ते तुम्हाला माहीत असावं. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही नेहमी म्हणायचात, एकदा कायमचं नीट करून टाक. केलंय. सगळ्या बॅटऱ्या आणि केबली नव्या घातल्यात, चारही मशीनचे पासवर्ड बदललेत. तुमच्या खात्यातून फाइल उघडेल, छापता येईल, बाकी एकही सेटिंग हलणार नाही. ही मशीनं मला इथून, आईच्या उशाशी बसून, माझ्या स्क्रीनवर दिसतात. एखादी केबल उपटलीत तर मला लगेच कळेल, आणि ती लावायला मी कुणालातरी पाठवीन. चांगला माणूस असेल. चहा त्याला द्या.

तुमचीच, ते बदलता येत नाही म्हणून,
लेक