व्हर्ना मावशीची पाचवी टाळी

लॉस एंजेलिस, १० मार्च १९८०

प्रिय व्हर्ना मावशी,

गुडघा कसा आहे? तळघराचा जिना उतरताना कठडा धरतेस ना? आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड आल्यापासून तुझं एका ओळीचंही पत्र नाही. का, ते मला कळतं. म्हणजे नीटसं नाही, पण आई म्हणते, तू रेकॉर्ड शेल्फवर उलटी ठेवलीयेस, मागचं "टाळ्या: बँडमधले चौघे" येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं अशी.

इथे सगळं मजेत, फक्त काय चाललंय ते कळत नाही. पहिली रेकॉर्ड रॉकफर्डला तुझ्या वॉशिंग मशीनशेजारी नऊ दिवसांत झाली. दुसरीला अकरा आठवडे झालेत. कंपनी म्हणते, हुबेहूब तसंच करा, पण नवीन. आमचा निर्माता लेनर्ड (घरातही गॉगल घालतो, दोनदा ड्रमवर पडलाय) म्हणतो, गाणी झकास, गिटार झकास, टाळ्यांत जीव नाही. म्हणून एकोणीस दिवस आम्ही नुसत्या टाळ्या वाजवतोय. फरशीवर, बाथरूममध्ये, हातमोजे घालून. भाड्याचे टाळीवालेही आणले (इथे तो धंदा आहे, युनियनसकट). ड्रमर डेलच्या हातांना फोड आलेत, काटा धरवत नाही, तिन्ही त्रिकाळ बर्गर खातो. शुक्रवारी गाणं दिलं नाही तर कंपनी आम्हाला घरी धाडणार.

गेल्या आठवड्यात लेनर्डनं जुनी टेप हळू फिरवली. चार टाळ्या एकदम, आणि एक मागून, दार लागावं तशी. "चौघंच होतात ना रे? मग ही पाचवी कोणाची?" डेल ओरडला, "गॉर्डी, अरे तुझी मावशी! चर्चमध्ये सगळे थांबले की ती वाजवते, त्यापायीच तर तिथल्या गायनवृंदातून काढलं तिला!" तेव्हा आठवलं, टॉवेलांची टोपली खाली ठेवून तू आमच्यात येऊन उभी राहिली होतीस. मग आम्हीही उशिरा वाजवून पाहिलं. पण मुद्दाम केलेला उशीर बरोबर वेळेवर येतो. कसा, ते विचारू नकोस.

बाकी ठीक. ऊन फार.

तुझा,
गॉर्डी

ता.क. सोबत गुरुवारचं विमानाचं तिकीट आहे.

ता.क. २. कृपा करून सराव करू नकोस.

ता.क. ३. नवं कव्हर छापून झालं, लाखभर. मागे लिहिलंय, "टाळ्या: व्हर्ना लिंडक्विस्ट". एकटीचंच नाव. गेल्या खेपेला खोटे आम्ही पडलो. तू आली नाहीस, तर या खेपेला खोटी तू पडशील.