हयातीचा दाखला

२७ ऑक्टोबर
कुकरचं झाकण फेकून मारलं माझ्या लेकानं. पाठीवर. चेहरा मात्र जपतो — नोव्हेंबर आला ना! बँकेत हयातीच्या दाखल्याला तोंड दाखवावं लागतं. मी जिवंत, तर पेन्शन चालू. पेन्शन चालू, तर पीयूष चालू.

२८ ऑक्टोबर
हात वर होत नाही. तरी रुआबांधा वस्तीतल्या दुकानात कामाला गेले, साड्यांना फॉल-पिको केलं. मोरीत पडले म्हणून सांगितलं. शामसुंदरजी म्हणाले, "तुमच्या घरची मोरी रोजच ओली राहते काय?"
दुकान त्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. विधवेनं लग्न केलं की पेन्शन जाते. म्हातारपणी खाऊ काय? आमचे हे सरकारी मास्तर. "पेन्शन आहे, साठवायचं कशाला" म्हणत एक दमडी मागं ठेवली नाही.

३१ ऑक्टोबर
पीयूषनं स्टील प्लांटमधलं ठेकेदाराकडचं काम सोडलं. तिसऱ्यांदा. "बारा घंटे मरून जेवढं भेटते, त्याच्यापेक्षा जास्त तुले घरी बसून भेटते. मी कावून मरू?" अठ्ठावीस वर्षांचा घोडा! माझ्यामागं काय करशील, म्हटलं. तर बोटं पिरगाळली. "तू मरूच नको ना, आई."
चुलीपाशी चिमटा होता, तोच हाणला मी त्याच्या कानशिलात. रक्त आलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

४ नोव्हेंबर
बँकेत गेलो. लाडानं गाडीवर बसवून नेलं, वाटेत नारळपाणी पाजलं. क्लार्कनं फोटो घेतला, मग विचारलं, "दूसरी शादी तो नहीं की, अम्मा?"
पीयूष इतका हसला! "इस उमर में कौन करेगा इनसे?"
मी सही केली. लग्न केल्यास बँकेला कळवीन, असंही छापलं होतं त्यावर. दोनदा वाचलं.

५ नोव्हेंबर
माझंच एटीएम कार्ड मी पीयूषकडं परत मागितलं. ओठ फाटला, एक दात हलतो. दाखला झाला, आता वर्षभर माझ्या तोंडाचं कुणाला काम नाही.

९ नोव्हेंबर
भात गिळवत नाही. पेन्शन आहे तोवर हा काम करणार नाही. आणि मीही ती जाईल या भीतीनं इथं मार खात बसणार. दोघांनाही बसवून ठेवलंय तिनं.

१० नोव्हेंबर
शामसुंदरजींना आज मीच विचारलं. पेन्शन जाईल, रिकाम्या हातानं येईन, हेही सांगितलं. म्हणाले, "जाऊ द्या. दुकान आहे, आपण दोघं आहो."

१८ नोव्हेंबर
लग्न केलं. दुर्गला, आर्य समाजात. तिथून सरळ बँकेत जाऊन कळवलं. मग पीयूषला सांगायला घरी. वाटलं, आता जिवंत सोडत नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. "मंग मी खाऊ काय, आई?"
माझा हात त्याच्या डोक्याकडे गेला होता. मागं घेतला.