धुळीचा अनध्याय

गुरुजी,

काल दुपारी तुळजापूरच्या बाजूनं धुळीचा लोट आला आणि मी शिकवणं थांबवून मुलांना मैदानावर सोडलं. धूळ उडत असताना अध्ययन करू नये, हा नियम तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतला होता. तुमच्या सगळ्या पाठांतरातला तेवढाच एक माझ्या डोक्यात विनासायास राहिला. संध्याकाळी एका मुलीच्या आईचा फोन आला, की सर, आज पोरं नुसती खेळली. मी म्हटलं, छान झालं. त्यांनी फोन ठेवला.

माझे वडीलही एकदा असेच तुमच्यापुढं आले होते. दुष्काळाचं वर्ष. देवळाच्या ओवरीत आम्ही चिल्लीपिल्ली ‘रामः रामौ रामाः’ घोकतोय, वारा सुटतो, तुम्ही पोथी बांधता आणि म्हणता, “अनध्याय.” म्हणजे पाठ बंद. आम्ही चपला शोधतो, तर तुमचा दुसरा नियम आडवा येतो: घरी जायचं नाही, इथंच खेळायचं. हा नियम कोणत्या ग्रंथात आहे ते मी पुढं बरीच वर्षं शोधलं. सापडला नाही. घरी गेलेलं पोर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जुंपलं जातं, हे तुम्हांला ठाऊक होतं, एवढाच त्याला आधार असावा.

त्या दिवशी वडील कामावरूनच आले. आमच्या मायला ताप होता. “गुरुजी, साळा न्हाय नव्हं आज? मग पोराला नेतो. टोपली उचलाया कुणी न्हाय.”

मी लगोरी रचत होतो. वरचा दगड हातातच राहिला.

“त्याचा डाव अर्धा आहे,” तुम्ही म्हणालात. “टोपली मी उचलतो.”

वडलांना ती थट्टा वाटली, ते हसलेही. मग तुम्ही उपरणं कमरेला गुंडाळून पायऱ्या उतरलात. वाट वडलांनाच माहीत, पण गुरुजींच्या पुढं कसं चालायचं म्हणून ते मागून चालले, आणि तुम्ही दोघं बराच वेळ भलत्याच दिशेला गेलात.

दिवेलागणीला परतलात तेव्हा तुमच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. “कोण जिंकलं?” एवढंच विचारलंत.

त्या उन्हाळ्यात धूळ उठली की तुम्ही जात राहिलात आणि आम्ही खेळत राहिलो. पुढं तुमचा खोकला गेला नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी तुम्हीच गेलात. तो खोकला धुळीचा की वयाचा, लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. आजही वर्गात मागं कुणी खोकलं की माझं वाक्य तुटतं.

हे पत्र कुठं टाकणार? लिहून ठेवतो, झालं. काल मुलं आरडाओरडा करत खेळत होती आणि मी धूळ बसेपर्यंत फाटकाशी उभा होतो. शिपायाला वाटलं, सर पोरांवर लक्ष ठेवताहेत. मी त्याला तसं वाटू दिलं. पण पोरांकडं माझी पाठ होती; मी रस्त्यावरच्या धुळीत तुम्हांला शोधत होतो.