पुष्पाच्या खोलीचे दोन रंग

बालाघाट,
१२ ऑक्टोबर १९६५

प्रिय पुष्पे,

दिवाळी तोंडावर आली म्हणून तीन दिवसांपूर्वी रंगारी महागू चुना घेऊन आला. तुझ्या खोलीत खिडकीजवळ त्याने दोन पट्टे ओढून दाखवले, एक नीळ घातलेला, एक पिवडीचा. ओला चुना खरा रंग दाखवत नाही, म्हणून दिवसभर मी जाऊन-येऊन बघत होते. सकाळी निळा मनात भरतो. संध्याकाळी दिवा लावला की तो विझतो, आणि पिवळा मात्र ऊब धरतो. माझं काही ठरत नाही.

निळा पाहिला की तुझी शाळा आठवते. तिथल्या भिंतीला टेकून बसायचीस आणि पाठीवर निळा डाग घेऊन घरी यायचीस. मी रागवायचे. बाबा म्हणायचे, "राहू दे वो, पोरगी आभाळाले टेकून आली."

परवा तुझी रुख्मा आत्या आली होती. पट्टे पाहून म्हणाली, "काहून वो वहिनी, विधवेच्या खोलीले रंग कायले? पांढरा चुना पुरे. रंग लुगड्याले लागते, लोकं पाह्यतेत." तिला चहा दिला. तिचं बोलणं मला दोन दिवस सलत राहिलं.

जावई गेले त्याला आता वर्ष होईल. लांजीला तुझ्या सासरी तू मागच्या पडवीत, धानाच्या पोत्यांशेजारी निजतेस, हे बाबांनी पाहिलं. त्या दिवशी ते आले आणि न जेवताच झोपले. चार दिवसांनी ते मला सांगितलं आणि म्हणाले, "महागूले बोलाव."

आज महागूने विचारलं, "बाई, चुन्यात डिंक टाकू का? मंग रंग अंगाले लागत नाही." मी विचारात पडले, तोवर बाबाच ओसरीतून बोलले, "नोको टाकू. लागू दे."

बाबा तुला आणायला निघालेत, म्हणून हे पत्र टपालात न टाकता त्यांच्याच हाती देते आहे. तू वाचशील तेव्हा ते तुझ्या अंगणात उभे असतील. दिवाळीपुरती येऊ नकोस, पुष्पे. पेटी भरून, राहायला ये. पांढरा चुना मी आणलेला नाही. निळा की पिवळा, ते इथे येऊन सांग, आणि मग त्या भिंतीला हवी तितकी टेकून बस.

तुझीच,
आई